काचेंतील पीळ

आजचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर जातील, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांत दिवेलागणीस परवचा म्हटला जातो, त्या घरांत इंग्रजांच्या मद्याच्या पेल्यांचीं वर्णनें कशाला, असें वडीलधाऱ्या मंडळींनीं विचारलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. आमचें उत्तर इतकेंच कीं, आम्हांस पेयाशीं कर्तव्य नाहीं, पेल्याशीं आहे. आणि पेल्यांतही त्याच्या वाटीशीं नव्हे, तर ती वाटी ज्यावर उभी असते त्या दांड्याशीं आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांत घडविलेल्या पेल्यांचे हे दांडे उंचीनें चार-पांच बोटांचे. पण काचेचें रसायन, सरकारचा कर, राजद्रोहाची कुजबुज आणि लबाडांचा बाजार इतक्या गोष्टी त्यांत सामावल्या आहेत कीं, इतिहासाच्या एखाद्या प्रकरणाप्रमाणें ते वाचतां येतात. मात्र इतिहास वाचतांना जो विवेक लागतो तो येथेंही लागतो, आणि तेवढ्यासाठींच हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

पेल्याची रचना आपल्या समईवरून चटकन ध्यानांत येईल. समईस जशी खालीं रुंद बैठक, मध्यें खांब आणि वर तेलाची वाटी, तशींच या पेल्यास बैठक, दांडा आणि वाटी हीं तीन अंगें. वाटी कधीं घंटेच्या, कधीं कर्ण्याच्या, तर कधीं बादलीच्या आकाराची असे. तरी जाणता मनुष्य पेला हातांत घेतांच प्रथम पाहतो तो दांडा. घोड्याचें वय दांतांवरून, तसें या पेल्याचें वय दांड्यावरून. कारण दांड्याची तऱ्हा दर वीस-पंचवीस वर्षांनीं बदलत गेली. या विषयावरील पहिला मोठा ग्रंथ आल्बर्ट हार्टशॉर्न यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९४८ सालीं बॅरिंग्टन हेन्स यांनीं आपल्या पुस्तकांत पेल्यांचीं कुळें लावलीं तीं दांड्यांवरूनच.

हे पेले हल्लींच्या मानानें फारच लहान असत. केंब्रिजच्या संशोधकांनीं १७०० पासूनच्या चारशेंहून अधिक इंग्रजी पेल्यांचीं मापें जमवून २०१७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें अठराव्या शतकांतील पेल्यांत सरासरीनें ६६ मिलिलिटर द्रव मावे. आजच्या पेल्यांत सरासरीनें ४४९ मिलिलिटर मावतो. म्हणजे पूर्वींची वाटी आपल्या पळी-पंचपात्रांतील पात्राहूनही लहान म्हणावी लागेल. अशा पेल्याची शोभा वाटींत कितीशी राहणार? पाहणाराची नजर ठरे ती दांड्यावरच.

हे दांडे जन्मास येण्यास आधीं काच बदलावी लागली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडांतील श्रीमंतांच्या घरीं उत्तम पेले येत ते व्हेनिसहून. लंडनचा व्यापारी जॉन ग्रीन हा १६६७ ते १६७२ या काळांत व्हेनिसच्या अलेसिओ मोरेली यास पेल्यांच्या आकृत्या काढून पाठवी व त्याबरहुकूम माल मागवी. तीं पत्रें व त्या आकृत्या आजही ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. व्हेनिसची काच पातळ व हलकी खरी, पण थिजे फार लवकर. १६७४ सालीं जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यास स्फटिकासारख्या नव्या काचेचें सात वर्षांचें पेटंट मिळालें. त्याच्या आरंभींच्या पेल्यांस एक रोग जडे: कांहीं काळानें काचेंत बारीक भेगांचें जाळें पसरे आणि ती धुरकट होई. पुढें मिश्रणांतील क्षार कमी करून व त्यांत शिशाचें भस्म घालून हा रोग हटविण्यांत आला, आणि १६७७ पासून खात्रीच्या मालावर डोमकावळ्याच्या मस्तकाचा छाप उठूं लागला. कारण त्याच्या नांवांतील 'रेव्हन' या शब्दाचा अर्थच डोमकावळा. त्याच्या भट्टीवर दा कोस्ता नांवाचा एक इटालियन कारागीर होता, असें त्याच काळच्या एका इंग्रज ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे. पण पेटंट व्यापाऱ्याचें, म्हणून इतिहासांत नांवही व्यापाऱ्याचेंच झालें. ही गोष्ट वाचकांनीं तूर्त मनांत ठेवावी.

शिशाचें हें भस्म पुढें मिश्रणांत शेंकडा तीसच्या आसपास पडूं लागलें, आणि त्यामुळें काचेचा स्वभावच पालटला. ती जड झाली; प्रकाशास अधिक वांकवूं व चमकवूं लागली; टिचकी मारली असतां लहानशा घंटेसारखी नादूं लागली. परंतु कारागिराच्या दृष्टीनें याहून मोठा लाभ निराळाच होता. ही काच मऊ राहते आणि सावकाश थिजते. साखरेच्या पाकाची तार ज्या गृहिणीनें धरून पाहिली आहे तिला एका क्षणाच्या उशिरानें काय होतें हें सांगणें नको. त्या क्षणाचे येथें चार क्षण झाले, आणि त्या वाढीव अवधींतच दांड्याची सारी कला जन्मली.

या जड काचेस व्हेनिसचे नाजूक नखरे मानवत नव्हते. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस जे दांडे घडूं लागले ते भरीव, ठसठशीत आणि गांठींचे. अगदीं समईच्या खांबासारखे. त्यांस बॅलस्टर म्हणतात. हें नांव मूळचें जिन्याच्या कठड्यांतील खांबांचें, आणि त्याची व्युत्पत्ति ग्रीक भाषेंतील डाळिंबाच्या फुलाच्या नांवापर्यंत जाऊन पोंचते. डाळिंबाच्या कळीचा फुगीर घाट डोळ्यांपुढें आणला म्हणजे नांव सार्थ वाटतें. गांठींचे प्रकारही पुष्कळ: कोणी कांकणासारखी, कोणी अळंब्यासारखी, कोणी ओक वृक्षाच्या फळासारखी. पुढें १७१४ सालीं हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला, त्या सुमारास साच्यांत दाबलेला, वर रुंद व खालीं निमुळता असा पैलूदार दांडा प्रचारांत आला. अशा कांहीं दांड्यांच्या खांद्यांवर 'ईश्वर किंग जॉर्जचें रक्षण करो' या अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उठविलेलीं आहेत. यजमानाची राजनिष्ठा पाहुण्याच्या हातांत आयतीच पडावी, अशी ही युक्ति!

या भरीव दांड्यांत पुष्कळदां एक हवेचा थेंब कोंडलेला आढळतो. त्याचा आकार अश्रूसारखा, म्हणून इंग्रजीतही त्यास अश्रूच म्हणतात. तप्त काचेच्या गोळ्यास टोकदार हत्यारानें एक खळगा पाडावा आणि त्यावर काचेचा दुसरा थर चढवावा, म्हणजे आंतील हवेस बाहेर पडण्याची वाट राहत नाहीं. गोळा ताणला कीं थेंबही ताणला जातो. आतां एका खळग्याऐवजीं वर्तुळांत अनेक खळगे पाडले, त्यांवर तसाच थर चढविला, आणि गोळा ताणीत असतांना त्याचें एक टोंक फिरवीत राहिलें, तर काय होईल? प्रत्येक थेंबाची केसासारखी बारीक नळी होईल आणि त्या साऱ्या नळ्या एकमेकींभोंवतीं वळल्या जातील. चातीवर जानव्याचें सूत पिळतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही क्रिया निराळी समजावून द्यावयास नको. भेद इतकाच कीं येथें सूत नाहींच. सुताच्या जागीं केवळ हवा आहे. १७४० च्या आगेमागें हे हवेच्या पिळाचे पेले चांगलेच प्रचारांत आले होते, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें त्यांची चलती राहिली.

यांपैकीं कांहीं दांड्यांत एक जाड पीळ पाऱ्यासारखा झळकतो. संग्राहक मंडळी त्यास 'मर्क्युरी' म्हणजे पाऱ्याचा पीळ म्हणतात. पण त्यांत पाऱ्याचा कणही नाहीं. काचेच्या आंतल्या भिंतीवर तिरपा पडलेला प्रकाश हवेंत न शिरतां मागें परततो, म्हणून रिकामी जागा रुप्यासारखी चमकते. वेदांत्यांचा दोर आणि साप यांचा दृष्टांत आपण नेहमीं ऐकतों. येथें तर दोरही नाहीं, पोकळीवरच पाऱ्याचा भास! भ्रम कळल्यावर साप नाहींसा होतो, पण हा पारा मात्र कळूनही तसाच झळकत राहतो, ही त्याची मौज.

यानंतर, म्हणजे सुमारें १७५५ पासून १७८० पर्यंत, हवेची जागा दुधासारख्या पांढऱ्या काचेनें घेतली. साच्याच्या आंतील कडेनें पांढऱ्या काचेच्या बारीक कांड्या उभ्या करीत, मध्यें तप्त स्वच्छ काच भरीत, कांड्या तीस चिकटल्या कीं सर्व गोळा पुन्हां तापवून ताणीत व पिळीत. याप्रमाणें एक लांब कांब तयार होई, आणि तिचे तुकडे तोडून दांडे बनत. कोठें मध्यभागीं जाळीदार दोरी व तिच्याभोंवतीं फिरणारी रुंद फीत. कोठें दोन फिती एकमेकींचा पाठलाग करणाऱ्या. कचित् लाल, हिरवा किंवा निळा धागाही त्यांत येई; पिवळा धागा मात्र अत्यंत दुर्मिळ. ही विद्या मुळांत व्हेनिसच्या कारागिरांस सोळाव्या शतकापासून अवगत होती. इंग्रजांनीं ती दांड्याच्या अरुंद जागेंत आणून बसविली. अशा दांड्यांना त्या काळच्या जाहिरातींत 'वर्म्ड' म्हणजे कृमीसारख्या वळशांचे म्हटलें आहे. सौंदर्याचें बारसें बाजारानें केलें म्हणजे असेंच व्हावयाचें!

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. सन १७४५ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटनें काचेवर कर बसविण्याचा कायदा केला. उंची काचेच्या कच्च्या मालावर दर हंड्रेडवेटास, म्हणजे ११२ पौंडांस, ९ शिलिंग ४ पेन्स असा तो दर होता. कर वजनावर! यावरून एक मोठी सुबक कथा प्रचलित झाली. ती अशी: काच जड, कर वजनावर, म्हणून कारागिरांनीं जड बॅलस्टर सोडून दिले, दांडे सडपातळ केले, त्यांत हवा भरून वजन चोरलें, आणि करापोटीं हवेच्या पिळाचा जन्म झाला. अनेक पुस्तकांतून व लिलांवांच्या याद्यांतून ही कथा आजवर सांगितली गेली आहे. ऐकणारास ती तत्काळ पटते, कारण तिच्यांत सरकार आहे, संकट आहे आणि संकटांतून मार्ग काढणारा हिकमती कारागीर आहे.

आमचें आयुष्य मुलांस 'कारणें द्या' असा प्रश्न घालण्यांत गेलें. एका कारणाचें उत्तर मुलांस सोपें पडतें आणि गुरुजींसही तपासण्यास सोपें जातें. पण सोपें तें खरेंच असतें असें नाहीं. या कथेची उलटतपासणी करून पाहूं. पहिली गोष्ट, दांडे सडपातळ होण्यास कायद्यापूर्वींच आरंभ झाला होता. साधे सरळ दांडे व हवेचे पीळ हीं दोन्हीं १७४५ पूर्वींचीं आहेत. जें कार्य आधीं झालें त्याचें कारण मागाहून कसें येईल? दुसरी गोष्ट, त्या केसासारख्या नळ्यांत हवा ती किती, आणि तिनें वजन असें कितीसें वांचणार? वांचलेल्या गुंजभर काचेपेक्षां पीळ घालण्याची मजुरीच अधिक. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १७६० नंतर दांड्यांवर चाकानें घांसून हिऱ्यासारखे पैलू पाडण्याची रीत आली. पैलू पाडावयाचे म्हणजे जाड दांडा घ्यावयाचा आणि त्याची काच घांसून फेंकून द्यावयाची. आणि कर तर भट्टींत घातलेल्या सर्व मालावर आधींच भरलेला! कराच्या भयानें जर फॅशन चालती, तर कर भरलेली काच धुळीस मिळविणारी ही तऱ्हा उदयासच आली नसती.

मग कराचा कांहींच परिणाम झाला नाहीं काय? झाला. पेले इतके लहान राहण्यास जीं कारणें झालीं त्यांत कर हेंही एक असावें, असें वर सांगितलेल्या केंब्रिजच्या संशोधकांनीं म्हटलें आहे. १७७७ सालीं हा कर दुप्पट झाला आणि पांढऱ्या काचेसही लागू झाला. पांढऱ्या पिळाचे दांडे त्यानंतर लवकरच मागें पडले. १८४५ सालीं कर उठला, आणि सहाच वर्षांनीं लंडनांत सुमारें तीन लक्ष तक्त्यांचें काचेचें प्रदर्शनगृह उभें राहूं शकलें. तेव्हां कराचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर दांड्याचें उपादान कारण म्हणजे ती सावकाश थिजणारी सीसमिश्रित काच. निमित्त कारण म्हणजे कारागीर व त्याच्या पाठीशीं असलेली लोकांची पालटती रुचि. कर हा फार तर मागाहून येऊन मिळालेला सहकारी. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास गांठ पडली, एवढ्यावरून फळ कावळ्यानें पाडलें असें म्हणूं नये, हें काकतालीय न्यायानें आपणांस केव्हांच शिकविलें आहे.

सुबक कथा नेहमींच निरुपद्रवी असते असेंही नव्हे. १७४५ हेंच वर्ष इंग्लंडांत दुसऱ्या एका कारणानें गाजलें. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड यानें स्कॉटलंडांत बंडाचें निशाण उभारलें, आणि १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर त्याच्या सैन्याची वाताहत झाली. त्या पक्षाचे लोक गुप्तपणें जमत व 'समुद्रापलीकडील राजा'च्या नांवें पेला उचलीत. त्यांच्या पेल्यांवर गुलाब, त्याच्या कळ्या, ओकचें पान किंवा 'फियाट' म्हणजे 'तथास्तु' हा लॅटिन शब्द कोरलेला असे. आणि यांतील कित्येक पेल्यांचे दांडे हवेच्या पिळाचेच आहेत. उघड बोलणें जेथें प्राणावर बेततें तेथें फुलानें बोलावयाचें! ही कथा खरी आहे. पण कथा खरी म्हणून तिच्या नांवानें आलेला प्रत्येक पेला खरा ठरत नाहीं. संग्राहक अशा पेल्यांस मोठमोठ्या किंमती देऊं लागतांच जुन्या पण कोऱ्या पेल्यांवर गुलाब मागाहून कोरले गेले, आणि सबंध पेलेही नव्यानें जुने करण्यांत आले. दांडा खरा, काच खरी, कोरलेली निष्ठा तेवढी खोटी!

म्हणून जाणते परीक्षक कथा बाजूस ठेवून वस्तूकडे पाहतात. त्यांच्या कसोट्या साध्या आहेत. त्या काळच्या पेल्याची बैठक बहुधा वाटीच्या तोंडाहून रुंद असते. बैठकीच्या तळाशीं, लोखंडी सळईवरून पेला तोडून काढला त्या जागीं, खडबडीत व्रण असतो. दोनशें वर्षें मेजावर सरकल्यानें बैठकीच्या कडेवर उमटलेले ओरखडे बारीक व वाटेल त्या दिशेचे असतात. कानशीनें घाईघाईनें पाडलेले ओरखडे एकाच दिशेनें धांवतात. टिचकीचा नाद मात्र पुरावा म्हणून घेऊं नये, कारण शिशाची नवी काचही तितकीच गोड नादते. एकच खूण पाहून निर्णय देऊं नये; सर्व खुणा एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं हें पाहावें. माणसें पारखतांनाही याहून निराळा नियम आम्हांस ठाऊक नाहीं.

शेवटीं जी गोष्ट मनांत ठेवा म्हणून सांगितलें होतें तिच्याकडे येतों. न्यूकॅसल येथील विल्यम बील्बी यानें पांढऱ्या पिळाच्या पेल्यांवर मिन्यानें राजचिन्हें, द्राक्षवेल व देखावे रंगविले. त्याची बहीण मेरी हीही हें काम करी. त्यांचा भाऊ राल्फ याजपाशीं १७६७ सालीं उमेदवारीस राहिलेला थॉमस ब्युइक पुढें लांकडावरील कोरीव चित्रांसाठीं विख्यात झाला, आणि त्यानें आत्मचरित्रांत या घराण्याची हकीकत लिहिली. म्हणून वाटीवर चित्र काढणारांचीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत. पण ज्या दांड्यांवर त्या वाट्या उभ्या आहेत, ते दांडे पिळणाराचें नांव कोठेंही नाहीं. काच नवी केली तिच्यावर व्यापाऱ्याचा छाप; पेला घेतला त्यावर धन्याचें चिन्ह; कर बसला तो कायद्याच्या पुस्तकांत. भट्टीच्या आंचेपुढें उभें राहून, काच थिजण्यापूर्वींच्या त्या चार क्षणांत हवेचें सूत वळणारा हात तेवढा निनांवी राहिला. करानें पीळ जन्मास घातला असें म्हणण्यांत चूक केवळ कालक्रमाची नाहीं. त्यांत त्या हाताचें श्रेय सरकारी कायद्यास देऊन टाकण्याचा अन्याय आहे.

आपल्या घरोघरीं तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नांवें घातलेलीं असतात. घागरीवर देणाराचें नांव, घेणाराचें नांव, लग्नाची तिथि. घागर ठोकणाऱ्या तांबटाचें नांव मात्र क्वचितच सांपडावयाचें. निदान तें भांडें कोठून आलें, कोणत्या गांवच्या कारागिरानें केलें, हें घरांतील वृद्धांस ठाऊक असेल तर तरुणांनीं तें आजच विचारून टिपून ठेवावें. नाहींतर उद्यां त्याच्याभोंवतीं एखादी सुबक कथा मात्र उरेल. त्या इंग्रजी दांड्यांची अवस्था आज तीच आहे. अडीचशें-पावणेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका दिवसाची भट्टीवरील हवा त्या पिळांत अजून जशीच्या तशी कोंडलेली आहे. ज्यानें ती कोंडली त्याचें नांव तेवढें हवेंत विरून गेलें.